उजव्या कोपऱ्यातला गोल

"आई, प्रत्येक फोटोत तू उजव्या कोपऱ्यातल्याच माणसाला पावडर का थापतेस?"

भिंगरीने हा प्रश्न दारातच विचारला, एक बूट पायात आणि एक हातात असताना. प्रश्न तिचा नव्हता. चिमटी आणि लंबू या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींचा होता, आणि शाळेपासून घरापर्यंत त्यांनी तो तिच्याकडून घोकून घेतला होता. पैज अशी, की प्रश्न जसाच्या तसा विचारायचा, मध्ये फिस्सकन हसायचं नाही आणि "मी नाही, त्या म्हणाल्या" असं म्हणून अंग काढून घ्यायचं नाही. दोघी खाली फाटकाशी माना वर करून उभ्या होत्या.

वर्षभरापूर्वी भिंगरीने असली पैज घेतलीच नसती. हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पण यंदा पोरीला कंठ फुटला होता. वक्तृत्वात बक्षीस मिळालं, पाठोपाठ शाळेच्या गेमिंग संघाची ती कप्तान झाली, आणि तेव्हापासून जगात असा एकही प्रश्न उरला नव्हता जो विचारायला तिला लाज वाटावी. तिला गर्रकन फिरायची सवय म्हणून आजीने पाळण्यात असतानाच भिंगरी नाव ठेवलं होतं. ते आता कुठे शोभायला लागलं होतं.

आईने खुर्ची वळवली आणि हात पुढे केला. भिंगरीने दप्तरातून वर्गाचा फोटो काढून तिच्या हातावर ठेवला.

हे फोटो आईच्याच हाताखालून गेले होते आणि शाळेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती एका छापखान्यासाठी घरी बसून फोटोंचे रंग दुरुस्त करायची. कुणाचा चेहरा काळवंडलेला असेल तर उजळायचा, कुठे हिरवट झाक आली असेल तर ती काढायची, आणि असं काढायची की काही काढलंय हे कुणाच्या बापाला कळू नये. यंदा भिंगरीच्या शाळेच्या सगळ्या वर्गांचे फोटो त्याच छापखान्यात छापले गेले. बावीस वर्ग, बावीस फोटो. आज ते वाटले गेले आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत शाळेत हसून हसून लोकांची पोटं दुखायला लागली. प्रत्येक फोटोत उजवीकडे खाली एक पांढुरका गोल होता. आठवीच्या फोटोत विज्ञानाच्या बाई पिठाच्या गिरणीतून थेट फोटोला आल्यासारख्या दिसत होत्या. पहिलीतली एक चिमुरडी गळ्यापर्यंत धुक्यात बुडाली होती. आणि भिंगरीच्या वर्गात त्या जागी बसलेली होती चिमटी. अर्धी चिमटी.

आई हसेल, निदान "त्या चिमटीला सांग, दुधाने अंघोळ करत जा" असं काहीतरी म्हणेल, या खात्रीने भिंगरी उभी होती. आईने फोटो खिडकीपाशी नेला. चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला, हात लांब करून पाहिला.

"इथे सावली होती," ती म्हणाली. "मी ती काढली. म्हणजे, सावली नव्हतीच?"

हे तिने भिंगरीला विचारलं नव्हतं. भिंगरीने खिडकीतून खाली हात हलवून दोघींना पिटाळलं. पैज जिंकली होती, पण काही केल्या ती जिंकल्यासारखी वाटेना.

सावली कशी आली आणि कशी गेली हे कळायचं तर आधी घरातल्या मॉनिटरची ओळख हवी. तो बैठकीच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, टेबलावर ऐसपैस बसलेला असायचा. ओलेड जातीचा, थोडा बाकदार, गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेला. आठ महिन्यांपूर्वी तो घरात आला तो मायलेकींच्या युतीमुळे. आईला हवा होता खरा काळा रंग. साध्या पडद्यावर काळा म्हणजे पाठीमागे दिवा पेटत ठेवून त्यावर पांघरूण घातल्यासारखा राखाडी. ओलेडमध्ये काळा म्हणजे तो ठिपका चक्क बंदच, त्यामुळे केसांतली एकेक छटा वेगळी दिसते. भिंगरीला हवा होता वेग. शत्रू भिंतीआडून निघाला की त्याच क्षणी तो दिसला पाहिजे, मागाहून वर्तमानपत्रात वाचल्यासारखा नको. दोघींनी मिळून बाबांसमोर असा काही लकडा लावला की चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, आणा, पण मला पुन्हा 'रिफ्रेश रेट' हा शब्द ऐकायला लागता कामा नये.

जुना मॉनिटर माळ्यावर गेला आणि नव्याची वाटणी ठरली. पाचपर्यंत आईचं काम, पाच ते आठ भिंगरीचा खेळ. पाच वाजता खुर्चीची दांडी खटकन ओढून खुर्ची वर जायची आणि सकाळी आईचे शिव्याशाप घेत खाली यायची. आईने टेबलाच्या कडेला नियमांची चिठ्ठी चिकटवली होती. पडद्यावर एकच चित्र फार वेळ ठेवायचं नाही. उजेड मर्यादेत. उठताना काळा पडदा करूनच उठायचं. बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, पुसायचं ते मऊ कोरड्या फडक्यानेच. दर सोमवारी आई रंग मोजायचं छोटं यंत्र पडद्याच्या मधोमध लटकवायची. ते यंत्र मिनिटभर लाल, हिरवं, निळं निरखायचं आणि मग आई समाधानाने मान डोलवायची. मॉनिटर रडतोय का, त्याला ताप आहे का, असं ते बघतं, अशी बाबांची समजूत होती.

शुक्रवारी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. मालक सज्जन माणूस. ते एवढंच म्हणाले की शाळेने फोटो परत पाठवलेत, पुन्हा छापू, असं होतं कधी कधी. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं, कारण आईने ओरडून उत्तर दिलं असतं. तिने नुसतं "हो" म्हटलं, तीनदा. फोन ठेवल्यावर ती बाबांना म्हणाली की उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, आणि डॉक्टरांनी काही सांगितलं तर सोमवारी मालकांना कळवून टाकणार, रंगाचं काम दुसऱ्या कुणाला द्या.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बिघाड ऐकला की त्यांच्या डोक्यात पहिला विचार कुठला पार्ट बदलायचा हा. "चष्मा बदलू," ते म्हणाले.

"चष्म्याने अक्षरं दिसतात हो," आई म्हणाली. "नसलेल्या सावल्या दिसायला लागल्या तर चष्मा काय करणार?"

बाबा तरीही चष्म्याच्या दुकानाचा नंबर शोधायला लागले.

त्या दिवशी पाच वाजता आई आत जाऊन पडली. भिंगरी खुर्चीत बसली, पण तिने गेम उघडला नाही. शनिवारनंतरच्या शनिवारी आंतरशालेय सामना होता, लंबू आणि चिमटी आपापल्या घरी हेडफोन चढवून तिची वाट बघत होत्या, आणि तिने मात्र आईच्या कामाच्या फोल्डरमधून वर्गाचा मूळ फोटो उघडला. दुरुस्तीच्या आधीचा, कॅमेऱ्यातून आला तसा. पडदाभर.

उजवीकडे खाली सावली होती.

भिंगरीने डोळे चोळले. सावली होतीच. अगदी पुसट, चहाचा कप उचलल्यावर टेबलावर ओल राहते तेवढी, पण होती. आईचे डोळे ठणठणीत होते. ती ताडकन उठली, आईला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात धक्का लागून माउस सरकला. फोटो पडद्यावर डावीकडे घसरला. चिमटी सरकली, तिच्या शेजारच्या मुली सरकल्या, बाक सरकला.

सावली जागची हलली नाही.

ती आता फोटोबाहेर, रिकाम्या करड्या पट्टीवर बसली होती. तिथे ती चांगलीच उठून दिसत होती. तळहाताएवढा गोल, आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा टोकदार त्रिकोण.

तो त्रिकोण भिंगरीने झोपेतही ओळखला असता. उत्तर दिशा दाखवणारा. तो तिच्या गेममधल्या नकाशाचा होता, खेळताना उजव्या कोपऱ्यात सतत पेटता राहणाऱ्या नकाशाचा. आठ महिने, रोज तीन तास, तोच गोल, त्याच जागी. ओलेडचे ठिपके स्वतः जळून उजेड देतात. एकाच जागचे ठिपके रोज राबले की ते इतरांआधी थकतात आणि मंद होतात. म्हणूनच तर ती चिठ्ठी होती. आणि चिठ्ठीचं भिंगरीने काय केलं होतं? उजेड पार टोकाला नेला होता, कारण अंधाऱ्या बोगद्यात शत्रू दिसत नव्हता. न हलणारी चित्रं आपोआप मंद करणारी सोय बंद केली होती, कारण ती ऐन मोक्याच्या क्षणी डोळा मारल्यासारखी करायची. मधूनमधून 'पडद्याला सफाई हवी' असा निरोप यायचा, तो तिने कायमचा गप्प केला होता. चिमटीशी फोनवर गप्पा मारताना नकाशा तासभर तसाच जळत राहायचा तो वेगळाच.

म्हणजे आईने एक थकलेला पडदा पाहिला आणि ती त्याला फोटोतली सावली समजून बसली. तिचा शाळेच्या फोटोग्राफरवर आधीपासूनच राग होता. त्याच्या दिव्यांच्या मांडणीला ती लग्नातली रोषणाई म्हणायची. दोष त्याचाच, हे ती धरूनच चालली. सगळे फोटो एकाच मापाचे, सगळे पडदाभर उघडलेले, म्हणून तिने एका फोटोत गोल उजळला आणि तीच दुरुस्ती बाकीच्या एकवीसांना एका दमात लावून टाकली. तिचं मोजायचं यंत्र बिचारं मधोमध लटकत होतं. त्याला कोपऱ्यातलं काय दिसणार?

भिंगरी पुन्हा खुर्चीत बसली. आईला हाक मारायचं तिने सोडून दिलं.

आईला हे सांगितलं की मॉनिटर हातचा जाणार, हे उघड होतं. मॉनिटर गेला की सामना गेला, आणि सामना म्हणजे नुसता सामना नव्हता. ज्या मुलांनी गेल्या वर्षी "मुली काय खेळणार" म्हटलं होतं ती समोरच्या संघात होती. मग तिच्या डोक्याने एक पळवाट शोधली. उद्या डॉक्टर सांगतीलच की डोळे उत्तम आहेत. आई निश्चिंत होईल, फोटो पुन्हा छापून येतील, गोल गपचूप राहील. कुणाचंच काही बिघडायचं नाही. हे इतकं पटण्यासारखं होतं की ती त्या संध्याकाळी खेळलीसुद्धा. तीन डाव हरली. लंबूने विचारलं की आज डोळे घरी विसरलीस का, तेव्हा तिने हेडफोन काढून ठेवले.

शनिवारी भिंगरीही आईबरोबर गेली. डॉक्टरीणबाई फार मोकळ्या होत्या. आईच्या डोळ्यांत नाना तऱ्हेचे दिवे मारून, रंगीत ठिपक्यांची पानं वाचायला लावून त्या म्हणाल्या की वयाच्या मानाने नजर छान आहे, रंगांची तर फारच छान, फक्त जवळचा नंबर पाव वाढलाय. भिंगरीने सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता बाहेर पडायच्या आत तिने आईचा चेहरा पाहिला. आईने पुढचं मागचं काही ऐकलंच नव्हतं. तिने फक्त तो पाव ऐकला होता.

परतीच्या वाटेवर आई चालता चालता खूप बोलली, आणि सगळं बेताल. की एकोणीस वर्षं केलं, पुरे झालं. की थांबायचं ते लोकांनी सांगायच्या आत. की घरी बसून दुसरंही काही करता येईल, हिशेब लिहिता येतील. भिंगरी तिच्या बाजूने चालत होती आणि आपल्याच बुटांकडे बघत होती. आई आणि हिशेब. आईला सुट्टे पैसे मोजतानाही झोप यायची.

घरी आल्यावर आईने कपाटातून छोटी डबी काढली, रंग मोजायचं यंत्र फडक्याने पुसलं, त्याची वायर बोटांभोवती गुंडाळली आणि डबीत ठेवायला लागली. ज्या जपणुकीने ती ते ठेवत होती, ती भिंगरीला बघवेना.

"ठेवू नकोस ते," भिंगरी म्हणाली. "इकडे ये. बस इथे."

तिने मॉनिटर लावला, फोटो उघडला आणि माउस आईच्या हातात दिला. सरकव म्हणाली. आईने सरकवला. आईने फोटो पुन्हा मूळ जागी आणला, पुन्हा सरकवला. मग वर नेला, खाली नेला. कोपऱ्यातला गोल ढिम्म.

"हा माझा नकाशा आहे," भिंगरी म्हणाली. आवाज चिरकला, तरी तिने थांबू दिला नाही. "चिठ्ठीतला एकही नियम मी पाळला नाही. आणि मला हे कालच कळलं होतं. काल संध्याकाळी."

आई खुर्चीत मागे रेलली आणि दोन्ही हातांनी तिने तोंड झाकलं. रडते की काय म्हणून भिंगरी पुढे झाली. पण आईचे खांदे हलायला लागले ते हसण्याने. बारीक हसू, मग मोठं, मग असं की बाबा आतून धावत आले.

"मला दिसतंय," आई त्यांना म्हणाली. "अहो, मला जे दिसत होतं ते खरंच होतं."

मग तिने हसणं आवरलं आणि भिंगरीकडे वळली. आता हसू कुठेच नव्हतं. मॉनिटरचं ती काही बोलली नाही. काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत मी कुठल्या विचारात होते ते तुला दिसत होतं ना, एवढंच तिने विचारलं. भिंगरीने मान हलवली. यापेक्षा दोन धपाटे बरे, असं तिला मनापासून वाटलं.

सगळा प्रकार समजावून घेतल्यावर बाबांनी स्टूल लावून कपाटावरचं खोकं खाली काढलं आणि त्यातलं माहितीचं पुस्तक बाहेर काढलं. लिफ्टची जाडजूड पुस्तकं ते कादंबरीसारखी वाचायचे, पण मॉनिटरच्या पुस्तकाची पिशवीसुद्धा कुणी फाडली नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि एखाद्या गुन्हेगाराचा जबाब वाचावा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. काही तासांच्या वापरानंतर मॉनिटर बंद केला की तो स्वतःच ठिपक्यांची सफाई करतो, दर वेळी काही मिनिटं. त्या वेळी...

इथे बाबा अडखळले.

"त्या वेळी काय?" आईने विचारलं.

"त्या वेळी भिंतीवरचं बटण बंद करू नये."

दोघींनी एकदमच बाबांकडे पाहिलं. काम संपलं की आधी वीज तोडायची, हा बाबांच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तो ते घरातही इमानाने पाळायचे. रोज झोपण्याआधी ते घरभर फेरी मारून, काळा पडदा करून ठेवलेला मॉनिटर बंद करून, लगेच भिंतीवरची बटणं खटाखट बंद करायचे आणि मग ताठ मानेने झोपायला जायचे. आठ महिने मॉनिटर अंग पुसायला घ्यायचा आणि आठ महिने बाबा त्याच्या हातातलं फडकं काढून घ्यायचे.

"म्हणजे मीपण," बाबा म्हणाले.

"तुम्हीपण," आई म्हणाली. "आणि मीसुद्धा. फोटो एकदा इकडून तिकडे सरकवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. एकोणीस वर्षांत पडद्यावर कधी संशय घेतला नाही. फोटोग्राफरवर घेतला, डोळ्यांवर घेतला."

बाबांनी लगेच प्रायश्चित्त घ्यावं तसं बटण चालू ठेवून मॉनिटर बंद केला आणि तिघं आठ-दहा मिनिटं बंद पडद्यासमोर पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखी बसून राहिली. पुन्हा लावला तर गोल थोडा फिका झाला होता, पण होता. आईने डोळे बारीक करून हिशोब मांडला. फोटो डाव्या बाजूला ठेवून काम करायचं, यंत्र चारी कोपऱ्यांत लावायचं, पडद्याला रोज धुऊपुसू द्यायचं. चालेल. सोमवारी मालकांना फोन करून सांगायचं की पडद्यात दोष होता, बावीसच्या बावीस फोटो मी नव्याने करून देते, काम माझ्याकडेच राहू दे. तिने डबीतून यंत्र पुन्हा बाहेर काढलं.

"आणि तू शाळेत काही बोलू नकोस," ती भिंगरीला म्हणाली. "नवे फोटो आले की लोक विसरतील. उगाच तुझ्यामागे लागतील, सामना तोंडावर आहे."

भिंगरी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. विसरतील हे खरं होतं. पण काय विसरतील? दुपारच्या सुट्टीत सगळी शाळा ज्या बाईला हसली होती, ती हीच, आता पुढे वाकून एकेक कोपरा तपासणारी. पडद्यात दोष होता म्हटलं की मालकांचं समाधान होईल. पण पडद्यात दोष आपोआप उगवला नव्हता. आणि शाळेतल्या चारशे पोरांना पडदाबिडदा काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की भिंगरीच्या आईला दिसत नाही. पुढच्या वर्षीचे फोटो वाटतानाही कुणीतरी ते म्हणणारच.

तिने टेबलाच्या कडेची चिठ्ठी वाचली, पहिल्यांदाच, वरपासून खालपर्यंत. मग खुर्चीची दांडी ओढून खुर्ची आईच्या उंचीला खाली केली.

"दोघंही ऐका," ती म्हणाली. "मी ठरवलंय, त्यामुळे नको म्हणू नका. सोमवारी परिपाठ संपला की मी मुख्याध्यापिकाबाईंकडे माईक मागणार आणि सगळ्या शाळेला सांगणार की तो गोल माझ्या हातून झाला, आणि जे कुणालाच दिसलं नव्हतं ते माझ्या आईला दिसलं. विज्ञानाच्या बाईंची आणि चिमटीची माफी तिथेच मागेन. तिथून सुटले की छापखान्यात, मालकांना हेच सांगायला, तुझ्या फोनच्या आधी. सामना खेळणार, पण माळ्यावरच्या जुन्या मॉनिटरवर. हरलो तर हरलो. बाबा, तो तेवढा खाली काढून द्या."